धंदेशिक्षण आणि आपली मुले

(नागझिरा अरण्याच्या काठावरील बौद्ध कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एकच चर्चा ऐकू येते. पिटेझरीच्या अंगाला जा, चोरखमाऱ्याच्या अंगाला जा, मुलगा पास झालेल्या प्रत्येक घरात तीन मते असतात. बाप म्हणतो, शेताचा तुकडा विकावा लागला तरी चालेल, पण मी पोराला नागपूरच्या कॉलेजात घालणार. मामा म्हणतो, साकोलीच्या नाही तर तिरोड्याच्या आयटीआयमध्ये घाला, दोन वर्षांत हाताशी येईल. आई दोघांचेही ऐकून घेते आणि काही बोलत नाही. परंतु तिच्या मनात जो प्रश्न असतो तोच खरा प्रश्न आहे. आम्ही पिढ्यान् पिढ्या हाताने राबलो, शिकून साहेब व्हा असे आम्हांला सांगण्यात आले, आणि आता आमच्या पोराने पुन्हा हातात हातोडा घ्यावा काय? आज मी बोलणार आहे ते त्या माउलीच्या प्रश्नावर.

प्रथम आपण कोठे बसलो आहोत ते पाहू. नागझिऱ्याचे अरण्य १९७० साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. २०१३ च्या डिसेंबरात ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. वाघ वाचला पाहिजे याबद्दल माझा कोणाशी वाद नाही. परंतु अरण्याचे नियम जसजसे कडक होत गेले तसतशी अरण्यावर पोट भरणाऱ्यांची वाट आखडत गेली, हेही तितकेच खरे आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचावयाची, ऊन तापले की तेंदूपाने तोडून पुडे बांधावयाचे, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करावयाची, आणि उरलेले महिने बिड्या वळण्यात नाहीतर परमुलुखातील मजुरीत घालवावयाचे, हे आपल्या वर्षाचे पंचांग आहे. पर्यटकांच्या गाड्या येतात, त्यांवर काही मुले वाटाडे किंवा चालक म्हणून लागतात. परंतु पावसाळ्यात अरण्याचे दरवाजे बंद होतात आणि त्यांची कमाईही बंद होते. अशा घरातून जेव्हा एक मुलगा दहावी पास होतो तेव्हा तो केवळ एकटा पास झालेला नसतो. त्याच्या पुढच्या चार-पाच वर्षांवर साऱ्या घराचे भवितव्य टांगलेले असते. म्हणून 'कॉलेज की आयटीआय' हा प्रश्न आपल्या घरी हौसेचा नाही.

आता आईच्या शंकेकडे वळतो. हाताचे काम म्हणजे आपल्या गुलामगिरीचे काम, अशी तिची समजूत आहे. ही समजूत अनुभवातून आलेली आहे, म्हणून तिला मी अडाणीपणाची म्हणणार नाही. परंतु ती अर्धी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांवर कोणते काम लादलेले होते ते नीट आठवा. मेलेली गुरे ओढणे, सरकारी टपाल व बोजा एका गावाहून दुसऱ्या गावास पोचविणे, गावाची राखण करणे आणि त्याच्या बदल्यात शिळे तुकडे मागणे. यात कौशल्याची किंमत नव्हती, ठरलेला पगार नव्हता आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार नव्हता. ज्या कामात कौशल्य होते व ज्याला चार पैसे जास्त मिळत होते, ते काम आपल्याला करू दिले जात नव्हते.

याचा सर्वांत ढळढळीत पुरावा मुंबईच्या कापडगिरण्यांत सापडतो. तेथे अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या खात्यात घेत असत. परंतु विणकाम खात्यात, जेथे पगार अधिक होता, तेथे त्यांना मज्जाव होता. कारण काय? तर मागावरील धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावावयाचा, म्हणून अस्पृश्याला ते खातेच बंद! यंत्र विलायतेहून आले, वाफेवर चालू लागले, पण विटाळ मात्र आमच्याच देशाचा राहिला. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठविण्याची मागणी लावून धरली. त्या मागणीचा अर्थ आपण लक्षात घेतला पाहिजे. आपल्याला बंद होती ती केवळ शाळेची आणि कचेरीची दारे नव्हती. चांगल्या पगाराच्या यंत्राचे दारही बंद होते. म्हणून आपला मुलगा लेथ मशीनपुढे उभा राहतो तेव्हा तो मागे जात नाही. ज्या जागेवरून त्याच्या पणजोबाला हाकलून लावले असते त्या जागेवर तो हक्काने उभा राहतो.

आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. नागपूर-भंडाऱ्याकडील आपल्या समाजात जाडेभरडे कापड विणणारी कितीतरी घराणी होती. म्हणजे आपल्या हातात कला नव्हती असे नाही. गिरण्या आल्या आणि हातमागाचा तो धंदा बुडाला. मग त्याच घरांतील माणसे नागपूरच्या गिरण्यांत कामाला गेली. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल त्यांत पहिली. पुढे तीही बंद पडली. धंदा आला म्हणजे जन्माची भाकर मिळाली असे समजू नये हा यातील धडा आहे, आणि त्याकडे मी पुढे येईन.

काही शहाणी माणसे येथे एक शंका काढतात, आणि ती शंका मी टाळू इच्छीत नाही. ते विचारतात, खालच्या थराला धंदेशिक्षण आणि वरच्या थराला कॉलेज, ही जातीव्यवस्थाच नव्या वेषात येत नाही काय? ही भीती पोकळ नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक नवी योजना आणली. मुलांनी दिवसाचा काही भाग शाळेत बसावे व उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हावे असा हा कुळधर्म आहे, असे म्हणून पेरियार रामस्वामी व त्यांच्या अनुयायांनी तिच्याविरुद्ध रान उठविले. १९५४ साली राजगोपालाचारी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराज यांनी ती योजना रद्द केली. ते योग्यच झाले. जातिभेद म्हणजे श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी होय, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले होते. मद्रासच्या योजनेत बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधलेला होता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या फळ्यावर धंद्यांची यादी लागते तेव्हा त्या यादीपुढे कोणत्याही जातीचे नाव नसते. मोलमजुराचा मुलगा विजेचे काम शिकतो, पाटलाचा मुलगा वेल्डिंग शिकतो, आणि दोघांचेही काम एकाच मापाने मोजले जाते. हा भेद ज्याला कळत नाही त्याने या विषयावर बोलू नये.

अमेरिकेतील नीग्रो बांधवांतही, ज्यांना आज कृष्णवर्णीय म्हणतात, हाच वाद झाला होता. बुकर वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे संस्था चालवून हातांच्या धंद्यांवर भर दिला. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०३ साली त्यांच्यावर कडक टीका केली. केवळ धंदे शिकत बसलो आणि मताचा अधिकार व उच्च शिक्षण सोडून दिले तर आपण कायमचे दुय्यम राहू, असे त्यांचे म्हणणे होते. याच डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. माझ्या मते वॉशिंग्टन यांची चूक धंदे शिकविण्यात नव्हती. धंद्यांच्या मोबदल्यात नागरिकत्वाचे हक्क थांबवून ठेवायला ते तयार झाले, ही त्यांची चूक होती. आपण असा सौदा करणार नाही.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले? त्यांनी १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले. कॉलेजची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळली असेल? परंतु याच बाबासाहेबांनी १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले ते पुष्कळांनी वाचलेले नसते. कला आणि कायदा यांच्या पदव्यांनी आपल्या लोकांचे फारसे साधणार नाही, विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, असे त्यांनी त्यात बजावले. आणि त्याच निवेदनात, सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून शिकावयास घ्या, अशीही मागणी केली. एकाच कागदावर परदेशी विद्यापीठ आहे आणि रेल्वेचा कारखानाही आहे. यातील एकच अर्धे उचलून दुसरे विसरणाऱ्यांनी बाबासाहेबांचे नाव घेऊन कोणत्याही बापाची दिशाभूल करू नये.

आता आयटीआय म्हणजे प्रत्यक्ष काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी कित्येकांनी तिची इमारत फक्त रस्त्यावरून पाहिली आहे. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना भारत सरकारने १९५० साली सुरू केली आणि १९५६ पासून तिचा कारभार राज्यांकडे आला. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे धंदे दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर, सुतार हे एका वर्षाचे आहेत. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते.

फिटरच्या वर्गाचे पहिले काही आठवडे पाहण्यासारखे असतात. मुलाला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा देतात, तो व्हाईसमध्ये आवळावयाचा आणि कानशीने घासून त्याची बाजू सपाट करावयाची. दिवसभर तेच काम! हाताला फोड येतात, दंड भरून येतात, आणि मुलगा घरी येऊन सांगतो की हे मजुरीचेच काम आहे, मला कॉलेजात घाला. अशा वेळी आईबापांनी घाबरू नये. निदेशक त्या तुकड्यावर गुण्या लावून तो उजेडासमोर धरतात. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली तर काम नापास, पुन्हा घासा. रेघ दिसेनाशी झाली की पास. तेथे कोणाचा वशिला नाही, कोणाचे आडनाव नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे डोळ्यांनी नव्हे तर जातीने मोजले गेले, त्या समाजाच्या मुलाला असा काटेकोर न्याय लहान वयातच मिळावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मग हळूहळू मिलिमीटरच्या अंशांची मापे येतात, नकाशा वाचणे येते, त्यासाठी गणित लागते. ज्याला दहावीपर्यंत गणिताचा कंटाळा होता तो येथे ते स्वतःहून विचारू लागतो.

प्रमाणपत्रानंतर उमेदवारी असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने ठरावीक कारखान्यांना व कचेऱ्यांना असे उमेदवार घ्यावेच लागतात व त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन हा कायदा मालकावर घालीत नाही. कोणी दलाल 'उमेदवारी म्हणजे पक्की नोकरी' असे सांगून पैसे मागत असेल तर त्याला दारातून परत पाठवा.

आणि कामे कोठे आहेत? तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे वीजकेंद्र आपल्या अरण्याच्या वाऱ्यावर उभे आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुधनिर्माणी आहे, मॅंगनीजच्या खाणी आहेत. गोंदिया हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे आणि गोंदियाच्या भातगिरण्यांना यंत्र दुरुस्त करणारा माणूस रोज लागतो. वीज वितरण कंपनीतील विद्युत सहायकाच्या जागेसाठी वीजतंत्री किंवा तारतंत्री यांचे प्रमाणपत्र मागतात. रेल्वेत सहायक लोको पायलट व तंत्रज्ञ या जागांसाठीही हे प्रमाणपत्र चालते. निव्वळ बी. ए. झालेला मुलगा या जागांचा अर्जच भरू शकत नाही. शिवाय नोकरी नाही मिळाली तरी गावात पाण्याचे पंप आहेत, सौरपंप येत आहेत, मोटारी आहेत. त्या दुरुस्त करणारा माणूस चार गावांना हवा असतो. ज्या घराच्या ओसरीवर आपल्याला कधी चढू दिले नव्हते, त्या घरातून 'जरा येऊन पाहता का' असा निरोप येतो. मी हे पुस्तकात वाचलेले सांगत नाही, या भागात फिरताना पाहिले आहे.

मग कॉलेज नको काय? असे म्हणणारा मी नव्हे. ज्या मुलाला किंवा मुलीला विज्ञानात, गणितात, भाषेत, कायद्यात खरी गती आहे तिला कॉलेजातच घाला, आणि अर्धपोटी राहावे लागले तरी तिचे शिक्षण मधे तोडू नका. आपल्याला न्यायाधीश पाहिजेत, प्राध्यापक पाहिजेत, अभियंते पाहिजेत. १९४४ पासून चालू असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्यासाठीच आहे, आणि ती आयटीआयच्या अभ्यासक्रमांनाही लागू आहे. परंतु आपल्या डोळ्यांदेखत काय घडते ते पाहा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीचा अभ्यास ऑनर्ससह चार वर्षांचा झाला आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षे त्यात मिळवा, म्हणजे सहा वर्षे. कोणती आवड आहे म्हणून नव्हे, तर दुसरे काही सुचले नाही म्हणून मुलगा कला शाखेत जातो. नागपूरला खोलीचे भाडे, खानावळ, मग स्पर्धा परीक्षेचा वर्ग, मग आणखी एक वर्ष, मग आणखी एक. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो गावी परत येतो, तेव्हा रोवणीला जायची त्याला लाज वाटते आणि दुसरे काही येत नाही. घराचा तुकडा मात्र गेलेला असतो. मी त्या मुलाला दोष देत नाही. ज्यांनी त्याला 'पदवी घे' एवढेच सांगितले आणि कशाची पदवी ते सांगितले नाही, त्यांना देतो.

दुसरी गोष्ट अशी की, आयटीआयला गेलेल्या मुलाची वाट तेथेच संपत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा धंदा पास झालेल्याला, अटी पूर्ण केल्यास, तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्याही दुसऱ्या वर्षात जाता येते. बोटांवर मोजा. आयटीआयची दोन, पदविकेची दोन, पदवीची तीन, अशी सात वर्षे झाली. बारावीवरून जाणाऱ्याला सहा लागतात. म्हणजे एकच वर्ष जास्त, आणि वाटेत कोठेही थांबावे लागले तरी हातात भाकरीचे साधन आहे. ज्याला बारावीची समकक्षता हवी त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून ठरावीक विषयांची परीक्षा देऊन ती मिळविता येते.

हातमागाचे जे झाले ते मी मघाशी सांगितले. म्हणून धंदा निवडताना मित्र कोठे गेला ते पाहू नका, पुढच्या वीस वर्षांत त्याला मागणी राहील काय ते पाहा. आणि शिकलेल्याने शिकणे थांबवू नये. आज मोटार दुरुस्त करणाऱ्याने विजेवरच्या गाड्या शिकल्या नाहीत तर त्याचाही हातमाग होईल.

मुलींविषयी थोडे बोलतो. त्यांच्यासाठी संस्थेत जागा राखून ठेवलेल्या असतात, पण आपण त्यांना शिवणकामाच्या पलीकडे जाऊ देत नाही. शिवण वाईट नाही, परंतु ज्या मुलीला गणितात मुलापेक्षा जास्त गुण आहेत तिला इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक का होऊ देत नाही? खांबावर चढावे लागेल म्हणून? नियंत्रण कक्षात बसून यंत्रे सांभाळणाऱ्याला खांबावर चढावे लागत नाही, आणि लागलेच तरी आपल्या आया डोक्यावर मोळ्या घेऊन याच अरण्यातून चालल्या आहेत.

एक कानगोष्टही सांगून ठेवतो. व्यासपीठावरून तुम्हांला धंदेशिक्षणाचा उपदेश करणाऱ्या पुढाऱ्याला, त्याचा स्वतःचा मुलगा कोठे शिकतो, हे विचारीत जा. उत्तर ऐकून रागावू नका, पण लक्षात ठेवा.

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात आणखी एक धास्ती असते. बौद्ध झालो, आता सवलती गेल्या, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. १९५६ नंतर बराच काळ केंद्राच्या सवलतींबाबत तशी स्थिती होती हे खरे. परंतु १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली, आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. तेव्हा प्रवेशाच्या अर्जात बौद्ध हा धर्म अभिमानाने लिहा आणि जातीचा दाखला योग्य नमुन्यात काढून जोडा. भीतीने धर्माच्या रकान्यात जुने नाव घालू नका.

अर्ज भरण्यापूर्वी संस्थेत स्वतः जा. कार्यशाळेत किती यंत्रे चालू आहेत, प्रत्येक मुलाला स्वतंत्र व्हाईस मिळतो काय, निदेशकाची जागा भरलेली आहे काय, ते पाहा. खासगी संस्था असेल तर तिला त्या धंद्यासाठी राष्ट्रीय मान्यता आहे काय ते कागदावर मागा. मागच्या वर्षीची मुले उमेदवारीला कोठे गेली ते शिकणाऱ्या मुलांनाच विचारा, ती खरे सांगतात. जातीचा दाखला तहसिलीतून निघायला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत. ज्यांच्या मुलांचे दाखले अजून निघालेले नाहीत त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, बापाचे व आजोबांचे जुने कागद आणि रेशनकार्ड घेऊन रविवारी दुपारी विहारात यावे. आपल्यापैकी लिहिणारी दोन-चार मुले तेथे बसलेली असतील, अर्ज तेथेच भरून देतील.